गावात कुणीच बटण दाबलं नाही

ती घटना आजही आठवली की माझं डोकं फिरतं.

अर्नाळ्याची एक बोट बुडाली. तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, आणि दोन तरुण खलाशी गेले. आम्ही पोलिसांनी आकस्मिक मृत्यूची नोंद केली. तिथल्या सगळ्या बोटींवर संकटात दाबायचं बटण होतं. दाबलं की शहरातल्या एव्हरशाईन सिटी वसाहतीजवळच्या एका खासगी कंपनीच्या सर्व्हरवर नोंद पडायची आणि तिथला माणूस मदत पाठवायचा. कंपनीनं लेखी कळवलं, या बोटीकडून नोंद नाही. झालं! तांडेलानं हट्टानं बटण दाबलं नाही म्हणून पोरं बुडाली, असं गावानं ठरवून टाकलं. मासळीबाजारात त्याच्या बायकोशेजारी कुणी बसेना. ती ठाण्यात येऊन बाकावर बसायची. "साहेब, माझ्या नवऱ्यानं बटन दाबलं का नाय, तेवढं सांगा," एवढंच तिचं मागणं.

मी फाइल बंद करायच्या बेतात होतो. शेवटचा जबाब दुसऱ्या एका म्हाताऱ्या तांडेलाचा होता. तो सहज बोलून गेला, "बंदर सोडताना आमी सगलेच एकदा बटन दाबतो. चालतंय का बघाया. कंपनीवाले वैतागतात, पन आमी ऐकत नाय."

मी त्या दिवसाच्या गावातल्या सगळ्या बोटींच्या नोंदी मागवल्या. एकाही बोटीची नोंद नाही! शेजारच्या गावांच्या मात्र जागच्या जागी.

कंपनीचा इंजिनिअर चौकशीला बसवला. शिकलेल्या माणसाला गुन्हा लपवता येतो, हुशारी लपवता येत नाही. मी म्हटलं, "एवढ्या नोंदी एकेक करून पुसल्यास? दिवस गेला असेल."

"एकेक कशाला सर? स्टोअर्ड प्रोसिजर आहे ना!" बोलला आणि पांढरा पडला.

जुन्या नोंदी काढून टाकायला सर्व्हरवर आधीच लिहून ठेवलेली ती आज्ञावली. गाव आणि तारीख दिली की जुळणाऱ्या सगळ्या ओळी निवडून एका दमात पुसायची. "एकाच बोटीच्या ओळी शोधायला टाइम गेला असता, सर. मॅनेजर सारखे फोनवर विचारत होते, हो गया क्या?" बोट बुडाली त्या दिवशी दुपारपासून नोंदी बघणाऱ्या माणसाची खुर्ची रिकामी होती, हे झाकायचं होतं. आळस केला नसता, तर हा पठ्ठ्या आम्हाला कधीच सापडला नसता.

पुसण्याआधीचा बॅकअप दुसऱ्या शहरात होता. सायबर सेलनं पंचनामा करून तो आणला. तांडेलानं बंदर सोडताना बटण दाबलं होतं. मग दुपारपासून पुन्हा पुन्हा, थेट सूर्य बुडेपर्यंत.

इंजिनिअर आत गेला. मॅनेजरचा हुकूम तोंडी होता, तो सुटला. आज दुसरीकडे मोठ्या पदावर आहे. याचा मला अजून संताप येतो.

बॅकअपमध्ये काय निघालं ते सांगायला मी स्वतः तांडेलाच्या बायकोच्या घरी गेलो होतो. खलाशांच्या आयाही आल्या होत्या, माफी मागत रडत होत्या. ती मात्र माझ्याकडेच बघत होती. म्हणाली, "मला वाटलं व्हतं, लाट आली नि झटक्यात गेला. मंजे दुपारपासून तो वाट बघत व्हता."

खरं शोधून काढलं की माणसाला दिलासा मिळतो, असं मी नव्या पोरांना ट्रेनिंगमध्ये सांगत असे. त्या दिवसानंतर ते वाक्य मी कधी उच्चारलं नाही.