कुठली काठी

आमच्या घरात काठीला दांडका म्हणतात आणि बंदुकीला काठी. ही सासऱ्यांची शिस्त. रानडुकरं भात लोळवून टाकतात म्हणून त्यांना पीक राखायच्या परवान्यावर बाराबोर बंदूक मिळाली. ती घरात आली त्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, की हिचं खरं नाव या घरात कुणी घ्यायचं नाही. नाव तोंडात बसलं की भांडणात तेच आधी आठवतं, असं त्यांचं म्हणणं. मी लग्न होऊन आले तेव्हा तिसऱ्या का चौथ्या दिवशी मला म्हणाले, "सूनबाई, ती काठी कोरड्या फडक्यानं पूस." मी दारामागची बांबूची काठी पुसून पुढं केली. अख्खं घर हसलं. सासूबाईंनी तर किन्हवलीच्या बाजारात चार बायकांना सांगितलं. त्यानंतर तीस वर्षांत मी एकदाही चुकले नाही. सासऱ्यांमागं परवाना ह्यांच्या नावावर आला; निवडणूक लागली की हे पोलीस ठाण्यात जाऊन येतात आणि चप्पल काढता काढता म्हणतात, "काठी जमा केली गो." कुठली, असं मला कधी विचारावं लागलं नाही.

हे म्हणजे माझे यजमान. एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर. मी नर्स होते, माझी बरीचशी नोकरी मुरबाडकडच्या दवाखान्यांत गेली. दोघं घरी बसलो आणि आता निवांत, असं वाटत होतं. तेवढ्यात गावाबाहेर प्लॉट पाडणारा एक जण आला आणि त्यानं ठाकर आदिवासींच्या पाड्याकडं जाणारा रस्ता तारेचं कुंपण घालून बंद केला. पाड्यावरची माणसं अर्ज घेऊन ह्यांच्याकडं आली, कारण ह्यांचं अक्षर चांगलं. ह्यांनी अर्ज नुसता लिहिला नाही, खाली पहिली सही आपली ठोकली. मग फोन सुरू झाले. अर्ज मागं घे, नाहीतर घरात येऊन हातपाय मोडू. रोज नाही, आठ-दहा दिवसांनी एकदा. रोज आले असते तर सवय झाली असती.

हे घाबरले. मला तसं बोलून दाखवलं नाही, पण घरापुढच्या खळ्यात बसताना पाठ भिंतीला लावून बसायला लागले. आणि मोबाइलवर ते रिवॉल्वर बघायला लागले.

साधं रिवॉल्वर नव्हे. बंदुकीचं छर्र्यांचं काडतूस घालून उडवायचं रिवॉल्वर. बाराबोरापेक्षा बारीक काडतूस, पण आत छर्रेच. कुठला तरी परदेशी माणूस चार हातांवर कलिंगड ठेवतो, हे उडवतो, आणि कलिंगडाच्या चिंध्या होतात. हे व्हिडिओ मला दाखवून म्हणायचे, "बघ. नेम धरायलाच नको. छर्रा पसरतो. नुसतं तोंड तिकडं केलं की झालं."

"कलिंगड कुठं पळतंय?" मी म्हणाले.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

मला कळत होतं, हीच तर पंचाईत. ह्यांनी छर्रा आयुष्यभर डुकरांच्या दिशेनं, अंधारात, आवाजासाठी उडवला. मी तो माणसातून काढलाय. एकदा दवाखान्यात रानातून दोन माणसं आणली होती, एकाच बंदुकीनं जखमी झालेली. एक लांब उभा होता, त्याच्या पाठीला सात-आठ छर्रे कातडीखाली अडकलेले. मी चिमट्यानं काढत होते आणि तो बिडी मागत होता. दुसरा चार-पाच पावलांवर होता. त्याला छर्रे मोजायचा प्रश्नच नव्हता. पोटात एकच भोक, मूठ जाईल एवढं, आणि आत काडतुसातली पुठ्ठ्याची चकतीसुद्धा. ज्याच्या हातून बार उडाला तो त्याचा चुलतभाऊ. खाटेपाशी उकिडवा बसून एकच विचारत होता, "बाई, छर्रेच होते ना? नुसते छर्रेच होते ना?" मी हो म्हणाले. माणूस संध्याकाळी गेला. ते छर्रे ट्रेमध्ये टाकताना जो आवाज होत होता, तो मला अजून आठवतो. तांदूळ निवडताना ताटात खडा पडला तरी आठवतो.

हे मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "ती लांब नळीची. ही वेगळी वस्तू आहे."

शेवटी एक दिवस मीच म्हटलं, चला, विचारून तरी येऊ. ठाण्याला एका बंदुकीच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हातारा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. ह्यांनी मोबाइल पुढं धरला. त्यानं तो कलिंगडाचा व्हिडिओ पूर्ण बघितला, मग मोबाइल उलटा ठेवला.

"काका, कशाला पाहिजे?"

"जवळ बाळगायला. स्वतःच्या रक्षणाला."

"हे बघा. नळी वीतभरसुद्धा नाही. दारूला जोर धरायला जागा कुठं आहे? त्यात नळीला आतून पीळ असतो. एक गोळी असली तर त्या पिळानं सरळ जाते. छर्रे मात्र गोल भिरकावले जातात, मधे मोकळं राहतं. चार पावलांवर सगळे एका जागी जातात, म्हणजे नेम धरावाच लागतो. अंगणाच्या त्या टोकाला गेले की कुणाला लागतील सांगता येत नाही, आणि लागले तरी माणूस थांबेलच असं नाही. साप मारायला ठीक."

"आणि छर्र्यांऐवजी गोळी घातली तर?"

"मग साध्या रिवॉल्वरनं काय घोडं मारलंय? ते हलकं तरी असतं. एवढं लांब काडतूस बसायचं म्हणून ह्याचं चक्र बघा केवढं. शर्टाखाली लपत नाही, गाडीवर बसलात की बरगडीत रुततं. आणि खरं सांगू? आपल्याकडं परवान्यावर दुकानात आलेलं मी तरी पाहिलेलं नाही."

ह्यांनी खाली बघून विचारलं, "माझ्यासारख्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेल्याला काय चालेल?"

दुकानदार माझ्याकडं बघून म्हणाला, "काकू चालतील." हसला. मीही हसले. हे हसले नाहीत.

घरी आल्यावर हे म्हणाले, "धंदा करतो, माल नाय म्हणून वाईट सांगतो." मी म्हटलं, डोंबलाचं रिवॉल्वर, जेवायला बसा. त्या दिवसानंतर व्हिडिओ बघणं बंद झालं नाही, मला दाखवणं बंद झालं.

मग भाद्रपदात, सकाळी दहाच्या सुमारास, फोनवर धमकावणाऱ्यांतले दोघे आले. मी चुलीपुढं बोंबील भाजत होते. मोटारसायकलचा आवाज आला, बंद झाला. हे खळ्यात गाडी पुसत होते. मग ह्यांची हाक आली.

"काठी आण गो! काठी!"

आतल्या खोलीत कपाटामागं काठी. मुलीच्या जुन्या पावडरच्या डब्यात काडतुसं. दोन्ही वस्तू मला डोळे मिटून सापडतात. मी उठले आणि दारामागचा दांडका घेतला.

लोक समजतात तसं ते नाही. गडबडीत चुकलं, घाबरले, ऐकू आलं नाही, यातलं काहीच नाही. मला शब्द कळला होता. कपाटाकडं एक पाऊलही टाकलं होतं. मग मी वळले. त्या क्षणी मनात काय होतं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. भीती नव्हती. माया नव्हती. ट्रेमधला तो आवाज होता, बस.

मी दांडका नेऊन ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी हाताकडं बघितलं, मग माझ्याकडं. तेवढ्यात लोखंडी पाइप बसला, उजव्या मनगटावर, मग कोपरावर, मग परत मनगटावर. मी ओरडले म्हणे. शेजारी सांगतात. दोघांनी आमच्या गाडीचा दिवा फोडला आणि निघून गेले. बोंबील करपले होते. मी आधी जाऊन ते उतरवले, मग ह्यांचा हात फडक्यात बांधला. नर्सचा हात, नीट बांधला.

शहापूरला ऑपरेशन झालं, हाडाला धातूच्या पट्ट्या बसवल्या. बोटं अजून मिटत नाहीत. तीस वर्षं घाटात गाडी फिरवलेला हात आता पेला धरत नाही. पोलिसांत तक्रार आहे, अर्जही ह्यांनी मागं घेतलेला नाही. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. मी वेळेवर गोळ्या देते, शेक देते, शर्टाची बटणं लावते. आतून काही हलत नाही. बधिर केलेल्या दातासारखं आहे, जीभ लावली तर तिथं कुणीच नसतं.

गावानं आपापसांत ठरवून टाकलं, बाई बावरली. मुरबाडला दिलेली मुलगी आली आणि मला कान तपासायला घेऊन गेली. कान उत्तम निघाले. दवाखान्याच्या पायरीवर ती माझ्याकडं बराच वेळ बघत राहिली. तीही याच घरात वाढलीय, काठी म्हणजे काय तिला ठाऊक आहे. मग म्हणाली, "चल आई, उसाचा रस पिऊ." आम्ही रस प्यायलो.

हे अजून ते रिवॉल्वर बघतात. आता डाव्या हातानं मोबाइल धरून. एकदा म्हणाले, "ते कमरेला असतं ना, तर तुझ्याकडं मागायची पाळी आली नसती." बोलले रागानं नाही, हिशेबानं. खरं आहे ते. दुकानदारानं इतकी कारणं सांगितली, वजन, नळी, पीळ. ही एक गोष्ट तो बोलला नाही, की ते कमरेला असलं की मधे कुणी लागत नाही. ना बायको, ना तिची दोन पावलं. खरं तर हेच त्यातलं सगळ्यात वाईट. पण माझ्या तोंडून हे ऐकायला ह्यांना कसं बरं वाटावं?

परवा दुपारी जेवताना ह्यांनी घास मधेच थांबवला.

"नीट आठव गो. त्या दिवशी मी काय म्हणालो? काठी म्हणालो का बंदूक?"

"काठी."

"नक्की?"

"नक्की. दोनदा म्हणालात."

ह्यांनी घास परत ताटात ठेवला. मग म्हणाले, "मग चूक माझीच. जीव जायची वेळ आली आणि काठी मागितली, तर समोरचं माणूस काठीच आणणार ना. तुझा काय दोष? उगाच मी तुला मनातल्या मनात..."

मी भात कालवला आणि त्यांच्या पुढं सरकवला. सांगावं असं वाटलं. खरंच वाटलं. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं. तोंडही उघडलं.

"बाबांची ती शिस्त आता पुरे," हे म्हणाले. "परत घोटाळा नको. आजपासून या घरात बंदुकीला बंदूकच म्हणायचं. म्हण बघू एकदा."

माझं तोंड उघडंच होतं.

"बंदूक," मी म्हणाले.