कापलेला तास

मी गोंदियात एका आजीची देखभाल करते, सकाळी आठ ते रात्री आठ. आणि आधीच सांगून ठेवते, मला कोणाची दया नको. मला दुपारचा एक तास पाहिजे होता, बसून जेवायला. एवढीच गोष्ट, पण ती मिळवायला आठ महिने लागले आणि त्याचा राग मला अजून येते. भाभीवर येते, मला या कामावर लावणाऱ्या ब्यूरोवाल्या भाऊवर येते, सगळ्यात जास्त स्वतःवर येते. आठ महिने तोंडात काय धरून बसली होती मी?

आजीला लकवा मारला तेव्हा उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. दोन-चार शब्द तेवढे राहिले. घास गिळताना ठसका लागते, म्हणून त्यांना एकटं सोडायचं नाही. दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. हे सारं मी सहा महिन्यांच्या कोर्समध्ये शिकली. तिथल्या मॅडमनी एक गोष्ट आमच्याकडून रोज घोकून घेतली होती, जे वहीत लिहिलं नाही ते झालंच नाही. म्हणून आजीच्या खाटेजवळ एक लांब वही असते. तीत रेघा मारून मी रकाने केले आहेत. वेळ, खाणं, पाणी, लघवी, कूस. डॉक्टर आले की आधी वही पाहतात आणि मग आजीला.

त्याआधीची माझी सारी उमर आमगावकडे धानाच्या बांधीत गेली. रोवण्याच्या दिवसांत आम्ही वीस-बावीस बाया ओळीनं वाकून धान रोवायचो. दुपार झाली की टोळीतली सगळ्यात म्हातारी बाई हातातली पेंडी तिथंच चिखलात खोचायची आणि कंबर सरळ करायची. झालं. मग एकही बाई वाकून राहायची नाही. सगळ्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर यायच्या, हातपाय धुवायच्या, शिदोरी सोडायच्या. मालक कितीही घाईत असो, धुऱ्यावर जेवायला बसलेल्या बाईला तो ऊठ म्हणत नाही. तशी रीतच नाही. म्हटलं तर दुसऱ्या दिवशी त्याच्या बांधीत कोणी उतरणार नाही, हे त्यालाही माहीत असते.

तीच रीत डोक्यात घेऊन मी गोंदियात आली, ही माझी पहिली चूक. पहिल्याच दिवशी एक वाजला, आजीला भरवून झालं, त्यांचा डोळा लागला. मी हातपाय धुतले, डबा घेतला आणि मागच्या ओसरीत ऐसपैस बसली. दोन घास झाले असतील नसतील, तर भाभी समोर उभी. भाभी म्हणजे आजीची सून. पेशंटला अकेली सोडून तू इथं आरामात जेवून राहिली, म्हणून तिनं मला असं झापलं की तोंडातला घास तोंडातच राहिला. मला खरंच वाटलं होतं की दुपार झाली की घरातलं कोणीतरी आपोआप आजीजवळ येऊन बसत असेल. तसं काही नव्हतं. पण ठसक्याची गोष्ट खरी होती, आजीला एकटं सोडायलाच नको होतं. म्हणून मी मान खाली घातली, आणि ती पुढं आठ महिने वर केलीच नाही.

तेव्हापासून मी आजीच्या खाटेजवळ खिडकीच्या कट्ट्यावर डबा ठेवून उभ्यानं जेवायची. एक डोळा डब्यावर, एक आजीवर. चार घास खाल्ले की काही ना काही निघायचंच. कधी आजीची लाळ पुसायची, कधी कपडा ओला. हात धुऊन परत येईपर्यंत भाजीवर माश्या. रात्री गावी परतताना अर्धा डबा गाडीत बसून खायची, नाहीतर तसाच घरी न्यायची. घरी पोरी विचारायच्या, आई, आज पण नाही जेवली? मी म्हणायची, भूक नव्हती व.

त्याहून वाईट होतं ते दुसरं. माझ्यासाठीचा संडास मागच्या अंगणात. तिथं जायचं तर भाभीला हाक मारायची, ती येऊन आजीजवळ बसली की मग जायचं. भाभी वाईट नव्हती. पण कधी तिची पूजा चालू असायची, कधी माहेरचा फोन. दो मिनट, आली मी, असं म्हणायची आणि त्या दोन मिनिटांचा अर्धा तास व्हायचा. लाज वाटायची रोज रोज हाक मारायची. मग मी त्यावर उपाय काढला, मोठी अक्कलवान न मी. पाणी पिणंच सोडलं. आजीला दिवसभरात सहा ग्लास पाणी चमच्याचमच्यानं पाजायची, प्रत्येक ग्लास वहीत लिहायची, आणि स्वतः सकाळपासून कोरडी.

हे त्या घरात एकाच माणसाला दिसलं, आणि तिला बोलता येत नव्हतं. एकदा दुपारी आजीनं तोंडच उघडलं नाही. चमचा नेला की ओठ घट्ट मिटून घेत. मला वाटलं दुखून राहिलं काही. तर डाव्या हातानं त्यांनी कट्ट्यावरच्या माझ्या डब्याकडं बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "नाही." मी डब्यातला एक घास त्यांच्यासमोर खाल्ला तेव्हा कुठं त्यांनी तोंड उघडलं. त्या दिवशी मला रडू आलं, खोटं कायले सांगू.

आता पगाराचं ऐका. ड्युटी बारा तासांची, पण ब्यूरोच्या कागदावर रोजचे अकराच तास. पहिले दोन महिने मी पाहिलंच नाही, सही केली आणि निघाली. तिसऱ्या महिन्यात विचारलं. ब्यूरोवाला भाऊ म्हणाला की एक तास आरामाचा असते, त्याचे पैसे नसतात, सगळीकडं असंच आहे. मी म्हटलं, कोणता आराम? तर म्हणे पेशंट झोपते न, तेव्हा तुमचा आरामच आहे. वा रे वा. झोपलेल्या आजीचा श्वास मोजत बसणं हा माझा आराम. पण घरची चूल माझ्याच कमाईवर पेटते, म्हणून त्या दिवशीही मी सही केली आणि निघाली.

मग मला जळजळ सुरू झाली. लघवीला बसली की डोळ्यांसमोर तारे. चार दिवस काढले, पाचव्या दिवशी ताप आला तेव्हा गावच्या सरकारी दवाखान्यात गेली. तिथल्या सिस्टरनं गोळ्या दिल्या आणि विचारलं, दिवसभर पाणी किती पिता? मला सांगताच आलं नाही. आजीचं मी घोटाघोटाचं सांगितलं असतं, माझं काही माहीत नव्हतं. सिस्टर म्हणाली, माहीत नाही तर लिहून पाहा.

दुसऱ्या दिवशी मी आजीची वही उलटी केली आणि मागच्या पानापासून माझं लिहायला सुरुवात केली. वेगळी वही आणावी हे सुचलंच नाही. रकाने तेच, फक्त कुशीच्या जागी बसणं. हातालाच त्या रेघांची सवय. पाणी, अर्धा ग्लास. लघवी, दिवसात एकदा. खाणं, चार घास. बसणं, नाही. नाव कुठंच लिहिलं नाही, कारण आजीच्या पानांवरही कधी नाव लिहीत नव्हती. असे अकरा दिवस लिहिले. लिहिता लिहिता माझाच मला राग येऊ लागला. पुढच्या पानांवर एक बाई इतकी नीट सांभाळलेली, आणि मागच्या पानांवर ही अशी. आणि दोन्हीकडं अक्षर माझंच.

बाराव्या दिवशी डॉक्टर आल्या. नेहमीचे म्हातारे डॉक्टर बाहेरगावी गेले होते, त्यांच्या जागी एक तरुण मॅडम. भाभी चहा घेऊन आली होती. मॅडमनी खाटेजवळची वही उचलली आणि नेमकी मागून उघडली. एक पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि त्यांचा चेहराच उतरला.

"दिवसभरात अर्धा ग्लास पाणी? अकरा दिवसांपासून? यांना आजच भरती करावं लागेल. तुम्ही घरचे लोक करता काय?" त्या भाभीला म्हणाल्या.

भाभीनं ट्रे खाली ठेवला. तिनं आजीकडं पाहिलं. आजी टम्म फुगलेल्या पुरीसारख्या तजेलदार, उशीला टेकून आमच्याकडं बघून राहिल्या होत्या. मग भाभीनं माझ्याकडं पाहिलं, काय करून ठेवलं बाई म्हणून. चूक झाली म्हणून वही ओढून घ्यावी, असंच आधी मनात आलं. पण मॅडमचा तो शब्द कानात बसला होता. भरती करावं लागेल. आजीची अशी हालत असती तर भरती, आणि माझी होती तर काही नाही?

"मॅडम, ती पानं आजीची नाहीत," मी म्हटलं. "माझी आहेत."

मॅडमनी परत वही पाहिली, या वेळी सावकाश, आणि मग मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्यांनी आजीला तपासलं, सगळं चांगलं आहे म्हणाल्या. जाताना मला स्टुलावर बसवून माझा बीपी घेतला. भाभी दारात उभी राहून हे पाहत होती.

मॅडमची गाडी वळली नाही तोच भाभीनं ब्यूरोवाल्याला फोन लावला. माझी बेइज्जती केली, डॉक्टरसमोर घराचं नाव खराब केलं, दुसरी बाई पाठवा. फोन मग माझ्या हातात आला. भाऊ तापलेला. पेशंटच्या वहीत तुम्ही स्वतःचं काऊन लिहिलं, असं विचारलं. मी म्हटलं, भाऊ, तुम्ही रोज आरामाचा एक तास कापता न, तो तास कुठं जाते ते शोधून राहिली होती. सापडला नाही. तो म्हणाला, उद्या दुसरी पाठवतो.

"पाठवा न," मी म्हटलं. "तिला पण भूक लागते."

मग मीच सांगितलं, भाभीला ऐकू जाईल असं. उद्या एक ते दोन मी ओसरीत बसून जेवणार. आजीला एकटं सोडायचं नाही, हे मलाही मान्य आहे, तर त्या तासात घरचं कोणीतरी बसा. नाहीतर बारा तासांचे पैसे द्या, मी उभ्यानं खाते. आणि मागच्या आठ महिन्यांच्या कापलेल्या तासांचे पैसेही मागितले. ते मी दर महिन्याला मागते, अजूनही मागून राहिली आहे.

दुसरी बाई आली नाही. आजीला माझ्या हातची सवय, आणि अशी बाई गोंदियात लगेच मिळत नाही, हे भाभीलाही कळत होतं. सकाळी तिनं माझ्याशी बोलणं बंद ठेवलं. पण एक वाजला तेव्हा मोबाईल घेऊन आली आणि आजीजवळ बसली.

मी हातपाय धुतले आणि ओसरीत डबा सोडला. भात, वरण आणि लाखोरीच्या पाल्याच्या भाजीचा गोळा. पहिला घास पोटात गेला तेव्हा वाटलं, किती दिवसांनी आपण चव घेऊन राहिलो. पाणी पूर्ण ग्लास प्याली. वीस-पंचवीस मिनिटं झाली असतील, आणि आतून भाभीची हाक आली. बाई, ओलं झालं, लवकर ये.

मी अर्धी उठलीच होती. आठ महिन्यांची सवय ती. आजी ओल्यात पडल्या आहेत, हे डोळ्यांसमोर आलं आणि जीव तिळतिळ तुटला. त्यांनी माझ्यासाठी तोंड मिटलं होतं. पण आज उठली असती तर मी परत कधीच बसली नसती. मी खाली बसली.

"भाभी, कपडे खालच्या खणात आहेत," मी बसल्याजागून सांगितलं. "डाव्या कुशीवर वळवा आणि उजवा हात दबू देऊ नका."

मग खण उघडल्याचा आवाज आला, मग आजीचा कण्हल्याचा, मग भाभीचा, हो हो आई, झालं, झालं. सुनेनं सासूला आई म्हटलेलं मी त्या घरात पहिल्यांदा ऐकलं. मी डबा शेवटच्या शितापर्यंत खाल्ला आणि घासून ठेवला.

दोन वाजता आत गेली. चादर वाकडीतिकडी, भाभीचे केस कपाळाला चिकटलेले, पण आजी कोरड्या होत्या. भाभी उठून गेली. वहीत तिच्या अक्षरात लिहिलेलं होतं, एक पंचवीस, लघवी, कपडा बदलला. मी वही उलटी केली, मागचं पान काढलं आणि लिहिलं, खाणं, पूर्ण. त्याच्या पुढं, जो रकाना अकरा दिवस मी नाही लिहून भरत होती, त्यात लिहिलं, बसणं, एक तास.