एकतर्फी लागलेला फोन

परवा भंगारवाल्याच्या हातगाडीवर डायलचा काळा फोन दिसला आणि शिरपूरजवळच्या माझ्या सासरच्या गावातली ती दुपार आठवली. तेव्हा आख्ख्या गावात एकच फोन होता, जिनिंगच्या ऑफिसात. माझे वडील, आबा, धुळ्याच्या दवाखान्यात होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं ऑपरेशन होतं. भावाने तिथून ट्रंककॉल लावला, तसा जिनिंगमधला माणूस मला बोलवायला आला. मी पिठाच्या हातांनीच धावले. ऑफिसात सरकीचा उग्र वास भरला होता, बाजूला यंत्रांची धडधड चालली होती, कापसाचे तंतू नाकातोंडात जात होते. रिसीव्हर कानाला लावला, तर आबांचा आवाज अगदी शेजारी बसल्यासारखा आला, "बेटा, बोल ना." मी म्हणाले, "आबा, मी शे, तुमनी पोर!" पण माझा आवाज पलीकडे जातच नव्हता. "काहीच ऐकू नही ई राहिनं," ते म्हणत राहिले. मी घसा फाटेपर्यंत ओरडले. शेवटी ते थकून कुणाला तरी म्हणाले, "कोनी बोलस नही, ठेवी द्या." फोन पुन्हा लागलाच नाही. दुसऱ्या दिवशी मी धुळ्याला पोचले, तोवर आबा गेले होते. भाऊ रडत म्हणाला, "आत नेईपर्यंत इचारत होते, पोर का बोलनी नही?" आता नातू रोज मोबाइलवर दिसतो, त्याचं बोलणं साठवूनही ठेवता येतं. आबांचे शब्द मला अजून पाठ आहेत. आवाज मात्र आता आठवत नाही.