सात आठवड्यांचा श्वास

ताईचा मुलगा तेव्हा सात आठवड्यांचा होता. बाळंतपणासाठी ती गावी आमच्या आईकडे आली होती. मी सोलापुरात वसतिगृहात राहून बीएस्सी करते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. थंडीत दोन दिवस गावी गेले तेव्हा मला सर्दी होती. साधीच, नाक गळत होतं एवढंच. पिशवी खाली ठेवली आणि बाळाला उचलून त्याचे खूप मुके घेतले.

मी सोलापूरला परतले आणि पाच दिवसांनी त्याला खोकला लागला. निरोप आला तशी मी पुन्हा गावी गेले. तो दूध ओढेना. दोन घोट घेऊन तोंड सोडायचा आणि धापा टाकायचा. शेजारची म्हातारी पोटाला बिब्ब्याचा डाग द्या म्हणत होती. आई मेंढरांत वाढलेली. तिनं झबलं वर करून जरा वेळ पाहिलं.

"बरगड्या आत ओढत्यात. चला सोलापूरला."

डॉक्टरांनी सांगितलं, छातीतल्या अगदी बारीक नळ्या विषाणूनं सुजल्यात आणि चिकट स्रावानं भरल्यात. याच विषाणूनं मोठ्यांना नुसती सर्दी होते, एवढ्या बाळाचा श्वास कोंडतो. मग त्यांनी विचारलं, घरात कुणाला सर्दी होती का.

मी काही म्हणायच्या आत आईच म्हणाली, "थंडीत सगळ्यांनाच असती की."

"मला होती," मी म्हणाले. "मी त्याचे मुके घेतले होते."

नेमकं कुणाकडून आलं ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. ताईनं माझ्याकडं पाहिलं नाही.

आईनं इंजेक्शनचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, हा विषाणू मारायला आपल्याकडं औषध नाही. नाक साफ ठेवू, ऑक्सिजन देऊ, नळीनं दूध पोटात पोचवू. बाकी बाळच करेल. मला वाटलं, आता आई दुसऱ्या दवाखान्यात चला म्हणणार. तिला कसं समजवायचं, याची मी जुळवाजुळव करत होते.

आईनं बाळाचं दुपटं सारखं केलं. मग म्हणाली, "कोकरू अशक्त झालं तर आपण तरी काय करतो? ऊब द्यायची, दूध पोटात घालायचं. उठायचं तर त्यालाच असतंय."

मी जे पुस्तकातून सांगणार होते ते तिनं असं सांगून टाकलं.

तीन दिवस मी त्याची छाती बघत बसले. प्रॅक्टिकलच्या वहीत फुप्फुसाचं चित्र काढताना शेवटच्या बारीक फांद्या मी घाईघाईनं खरडत असे. इथं त्याच फांद्यांसाठी माझ्या तळहाताएवढी छाती एकसारखी खालीवर होत होती. प्रत्येक श्वासाला नाकपुड्या फुलत, गळ्याखाली खळगा पडे. कुणी शिकवलेलं नव्हतं, तरी तो थांबत नव्हता. एवढं कष्टाचं काम मी कुणालाही करताना पाहिलेलं नाही. देवाला काय मागावं तेही मला सुचलं नाही.

चौथ्या दिवशी नळी काढली. ताईनं त्याला पदराखाली घेतलं. आम्ही दोघी बोलत नव्हतो. त्यानं चार घोट घेतले, थांबला, श्वास घेतला आणि पुन्हा ओढू लागला. पोट भरेपर्यंत प्यायला.

मग ताईनं त्याला माझ्यापुढं धरलं.

"तोंडाला रुमाल बांध, हात धू, आन घे. ढेकर काढ त्याची."

मी त्याला खांद्यावर घेतलं. पाठीला लावलेल्या तळव्याखाली अजून थोडी घरघर लागत होती.