अठ्ठावीसवर थिरावलेला काटा

माझी सून रुग्णालयात रुग्ण ने-आण करण्याचे काम करते. चाकांच्या खाटेवर निजलेल्या माणसाला शस्त्रक्रियेच्या खोलीपर्यंत नेणे, तेथून परत आणणे, अरुंद लिफ्टमध्ये खाट भिंतीला न लावता वळवणे, असे हे काम आहे. तेथील सहकारी तिला थट्टेने ‘ढकलगाडी’ म्हणतात. ती रागावत नाही. उलट, "ढकलगाडी आली, वाट सोडा!" अशी आरोळी ती स्वतःच ठोकते, म्हणजे वाटेत गप्पा मारणारे आपोआप बाजूला होतात. तिचे वय छत्तीस आहे. तिला एक मुलगी आहे. मी तिच्याविषयी पदरचे काही लिहिणार नाही. जे लिहीत आहे ते मी माझ्या टेम्पोच्या काचेतून प्रत्यक्ष पाहिलेले आहे किंवा तिच्याच तोंडून ऐकलेले आहे.

आमच्या घरापासून रुग्णालय नऊ किलोमीटरवर आहे आणि बसचा भरवसा नाही. म्हणून तिने एका व्यायामशिक्षकाची जुनी, वाकड्या हँडलची शर्यतीची सायकल घेतली. माझ्या पत्नीला ते रुचले नाही.

"या वयात अशी ओणवी होऊन सायकल चालवणार? लोक काय म्हणतील?"

"आई, ओणवी होऊन चालवते म्हणूनच बरं आहे. लोकांची तोंडं दिसतच नाहीत," सून म्हणाली.

पत्नीला हसू आले आणि तो विषय तेथेच संपला.

दोन वर्षे ती रोज त्या सायकलने कामावर जात होती. एके दिवशी सकाळी तिने एका चढावर तीन सायकलस्वार स्त्रियांना मागे टाकले. त्या सराव करत आहेत हे तिला ठाऊक नव्हते. तिला केवळ उशीर झाला होता. पुढच्या सिग्नलला त्या तिघींपैकी वयाने मोठ्या बाई धापा टाकत तिच्या शेजारी येऊन थांबल्या.

"काय हो, मागच्या डब्यात इंजिन ठेवलंय का?"

"नाही ताई, कालची उरलेली भाजी आहे."

या बाईंचे चष्म्यांचे दुकान आहे. त्यांनी वीस वर्षे शर्यती गाजवल्या आहेत आणि आज एकावन्नाव्या वर्षीही त्या शर्यतीत उतरतात. सर्व जण त्यांना कप्तान म्हणतात. त्यांचा चौघींचा संघ होता, परंतु एक जण नोकरीनिमित्त परगावी गेल्यामुळे एक जागा रिकामी झाली होती. त्या जागेसाठी महाविद्यालयात शिकणारी एक सायकलपटू मुलगीही इच्छुक होती. पुढच्या शर्यतीसाठी सोमवारी नावे द्यावयाची होती. कप्तानबाईंनी माझ्या सुनेला आदल्या दिवशीच्या रविवारी बोलावले. "माझ्याबरोबर साठ किलोमीटर चला. परत आलो की हो किंवा नाही सांगेन," असे त्या म्हणाल्या.

त्या शनिवारी सुनेने सायकलची साखळी तीन वेळा पुसली. माझा मुलगा म्हणाला, "अगं, आता पुसलीस तर ती झिजेल." तिने त्याच्याकडे पाहिलेही नाही. संसार, रुग्णालय आणि मुलीची शाळा यांत तिने स्वतःसाठी म्हणून काही मागितल्याचे मला आठवत नाही. ही जागा मात्र तिला हवी होती. ते आम्हा सर्वांना कळत होते, म्हणून घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हते.

रस्त्यावर मोठ्या गाड्या असतात, म्हणून मागून संरक्षणासाठी एक वाहन असावे असे ठरले. मी चाळीस वर्षे टेम्पो चालवला आहे. अर्थातच मी गेलो. जादा ट्यूब, हवा भरण्याचा पंप आणि पाण्याच्या बाटल्या मी मागे व्यवस्थित बांधून घेतल्या.

निघण्यापूर्वी कप्तानबाईंनी तिला रीत समजावून सांगितली. पुढे चालणारीने वारा अंगावर घ्यावा. मागचीने तिच्या चाकापासून हातभर अंतरावर, त्या आडोशात राहून दम राखावा. दोन मिनिटांनी पुढचीने बाजूला सरकून मागे यावे आणि मागचीने आघाडी घ्यावी. ही रीत मी लक्षपूर्वक ऐकली, परंतु माझ्या डोक्यात ती शिरली नाही. पंधरा किलोमीटर त्या दोघी अशाच आलटून पालटून चालल्या. मग संदेशवहनाच्या मनोऱ्याची टेकडी आली. चढ सुरू झाला तेव्हा कप्तानबाई पुढे होत्या आणि सून त्यांच्या मागे शांतपणे चालली होती. मला ते पाहवेना. चालकाला एकच अभिमान ठाऊक असतो, गाडी पुढे काढण्याचा. मी हॉर्न वाजवला आणि खिडकीतून डोके बाहेर काढले.

"सूनबाई, मागे काय राहतेस! काढ पुढे! दाखव त्यांना!"

तिने एकदा मागे पाहिले. मी पुन्हा हॉर्न दिला. मग ती उठून उभी राहिली, तिने पायडलवर सारे अंग टाकले आणि ती पुढे निघून गेली. मी आनंदाने स्टिअरिंगवर थाप मारली. ती माथ्यावर पोहोचली तेव्हा कप्तानबाई बऱ्याच खाली होत्या. मी घड्याळ पाहिले. पूर्ण दोन मिनिटांनी त्या वर आल्या. त्यांनी आपला वेग जराही वाढवला नव्हता.

"झकास," त्या म्हणाल्या. "आता सांगा, संघाची वेळ किती लागली?"

"म्हणजे?" सुनेने विचारले.

"या शर्यतीत चौघी एकत्र निघतात. चौथीचं चाक रेषेवरून गेलं की घड्याळ थांबतं. आज चौथी मी. तुम्ही दोन मिनिटं आधी येऊन इथे काय केलंत?"

"उभी राहिले."

"मग उभं राहण्यासाठी एवढा घाम गाळलात होय?"

सुनेचा चेहरा उतरला. मी टेम्पोतून खाली उतरलो. चूक कोणाची हे मला त्या क्षणी समजले होते आणि ती कबूल करणे माझे कर्तव्य होते.

"बाई, हॉर्न मी वाजवला. ओरडलो मी."

"काका, पायडल कुणी मारलं?"

"मीच मारलं," सून म्हणाली. "बाबांचं ऐकू की तुमचं, मला ठरवता आलं नाही."

"सायकलवर बसल्यावर ना सासऱ्यांचं ऐकायचं, ना माझं. मागच्या चाकाचं ऐकायचं." मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणि काका, तुम्ही तीस पावलं मागे राहा. हॉर्नला हात लावलात तर टेम्पोची चावी माझ्या खिशात येईल."

मी मान हलवली. त्या महाविद्यालयीन मुलीचे नाव दुसऱ्या दिवशी लागणार, हे मी मनोमन धरून चाललो होतो. माझ्या दोन हॉर्नांनी सुनेची जागा घालवली होती. पुढचे पंधरा किलोमीटर मी कसा चालवत गेलो ते मला सांगता येणार नाही.

परतीच्या वाटेवर वारा समोरून आला, थोडा डावीकडून तिरपा. रस्त्याच्या कडेच्या झाडांची पाने उलटी होऊन पांढरी दिसत होती. पहिले काही किलोमीटर दोघी पुन्हा पाळीपाळीने पुढे होत राहिल्या. परंतु कप्तानबाईंची पाळी आखूड होत चालली. दोन मिनिटांची दीड झाली, दीडची एक झाली. त्यांना त्या आठवड्यात ताप येऊन गेला होता. ही गोष्ट त्यांनी तोवर कोणालाही सांगितली नव्हती; मला ती पुढे सुनेकडून कळली. एकदा त्या आघाडी सोडून मागे आल्या, तेव्हा हातभराचे अंतर सायकलभर झाले. वाऱ्यात एवढे अंतर पडले की मागच्याला ते भरून काढता येत नाही.

मी हॉर्नपासून हात दूर ठेवला. सुनेने मागे वळून पाहिले नाही. तरीही तिचा वेग किंचित उतरला. अंतर पुन्हा हातभर झाले. मग ती रस्त्याच्या डावीकडे थोडी सरकली, जेणेकरून तिरपा वारा तिच्याच अंगावर अडेल आणि उजवीकडे कप्तानबाईंना आडोसा मिळेल. खड्डा आला की तिचा हात खाली जाऊन बोट दाखवी, आणि हात पुन्हा हँडलवर येई.

आता मी काय पाहिले ते सांगतो. मी माझ्या टेम्पोच्या वेगाचा काटा पाहिला. तो अठ्ठावीसवर आला आणि तेथेच थिरावला. रस्ता जरा चढला, जरा उतरला, एक पूल आला, सिमेंटच्या कारखान्यासमोरची उखडलेली पट्टी आली, पण काटा अठ्ठावीसवरच राहिला. चाळीस वर्षे माझ्या पायाखाली इंजिन होते, तरी मला इतका वेळ काटा असा एका जागी ठेवता आलेला नाही. ती केवळ दोन पायांनी तो ठेवत होती. शेवटचे बारा किलोमीटर तिने एकदाही आघाडी सोडली नाही आणि एकदाही उसळी मारली नाही.

गावाच्या तोंडाशी पेट्रोल पंप आहे. तेथे दोघी थांबल्या. कप्तानबाई कठड्यावर बसल्या आणि त्यांनी अर्धी बाटली पाणी डोक्यावर ओतून घेतले. सून हात मागे बांधून उभी होती, जशी ती रुग्णालयात डॉक्टरांसमोर उभी राहते.

"मी मागे पडले, हे तुम्हाला कसं कळलं? वळून तर पाहिलं नाहीत."

"आवाजावरून, ताई. आडोशात सुखानं बसलेला माणूस मधूनमधून पायडल मारायचं थांबतो. थांबला की मागचं चाक टकटक करतं. तुमची टकटक बंद झाली. म्हटलं, आता यांना प्रत्येक पायडल मारावं लागतंय."

"हे कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. आमच्याकडे खाटेबरोबर रुग्णाचा नातेवाईक असतो ना, सलाईनची बाटली उंच धरून. खाट जोरात गेली तर तो मागे राहतो आणि नळीला ओढ बसते. पुढे बघायचं आणि त्याचा श्वास ऐकायचा. श्वास वाढला की हात सैल सोडायचा. घाई सगळ्यांनाच असते, पण नळी तुटली तर लवकर पोहोचून काय करणार?"

कप्तानबाई हसू लागल्या. हसता हसता त्यांना खोकला आला.

"वीस वर्षं मी पोरींना हेच सांगतेय. आघाडी मिळाली की प्रत्येक जण उसळते. मागच्या तिघी मेल्या तरी चालतील, पण आपण किती जोरात आहोत ते दिसलं पाहिजे!" मग त्यांनी तिच्याकडे बोट दाखवले. "पण टेकडीवरची ती दोन मिनिटं मी विसरलेली नाही बरं का."

"चूक झाली, ताई."

"चूक वेगळी आणि पाय वेगळे. पाय तुझे आहेत. त्या दोन मिनिटांचं काय करायचं ते मी शिकवेन. मंगळवारी साडेपाचला ये. उद्या तुझं नाव देते."

सूनबाई खाली बसली, तिने उगाचच सायकलचे पुढचे चाक हाताने फिरवले आणि ते थांबेपर्यंत ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिने फोन काढला आणि ती माझ्या मुलाला एवढेच म्हणाली, "अहो, मी आहे. संघात आहे मी." पलीकडून तो इतक्या जोरात ओरडला की मलाही ऐकू आले.

मी टेम्पोत तेल भरायला गेलो. पंपावरच्या माणसाने विचारले, "कोण हो त्या? खेळाडू आहेत का?"

"बसलेल्या बाई कप्तान आहेत," मी सांगितले. "आणि ती माझी सून. संघातली."

त्याने ऐकून मान डोलावली आणि तेलाची नळी लावली. मला वाटले, त्याला नीट ऐकू गेले नसावे. म्हणून मी पुन्हा एकदा सांगितले.