फजरनंतर न बोलणारी खैरून

बुधगावात खैरून पिंजारीला सकाळी उन्हं यायच्या आत काही विचारायला जाऊ नये, हे नव्यानं राहायला आलेल्या भाडेकरूलाही लवकरच कळायचं. दूधवाला दारात ओरडो, शेजारची बाळाबाई चहाला साखर मागायला येवो, खैरून नमाजाच्या मुसल्ल्यावरून हलायची नाही आणि बोलायची तर त्याहून नाही. पहाटेची फजरची नमाज झाली की ती तसबीहची माळ घेऊन तिथंच बसायची आणि दिवस चांगला वर येईपर्यंत तिचे फक्त ओठ हलायचे. कोणी फारच पिच्छा पुरवला तर डोळे वटारून एक बोट वर करायची. त्या बोटाचा अर्थ ज्यानं त्यानं आपापल्या परीनं लावायचा. बाळाबाई म्हणायची, "देवाशी बोलती का भांडती, कुणास ठावं."

हे तिला शिकवलं रहिमतपूरच्या नानीनं. पहाटे घेतलेलं अल्लाहचं नाव म्हणजे लेकराबाळांभोवती घातलेलं कुंपण, आणि मधेच कुणाशी बोललं की कुंपणाला भगदाड पडतं, असं नानी सांगायची. लहानपणी एकदा खैरून मधेच हसली, तर नानीनं सगळं पहिल्यापासून म्हणायला लावलं होतं. नानीला अरबी वाचता यायचं, अर्थ यायचा नाही. पण ज्यांना अर्थ येत नाही त्यांचाच धाक जास्त असतो, हे आपल्याकडं काही नवीन नाही.

नवरा गेल्यावर खैरूननं गाद्या शिवून एकुलत्या एका तौफिकला वाढवलं. तो कुपवाडच्या एका छोट्या कारखान्यात प्रेसवर लागला. पत्रा मशीनखाली सरकवायचा, पायानं पेडल दाबायचं, धाडकन ठोका बसायचा, तुकडा बाहेर काढायचा, की पुन्हा पत्रा. खैरूननं हे एकदा जाऊन पाहिलं. तेव्हापासून तिचा सकाळचा जिक्र, अल्लाहच्या नावाचा जप, आणखी लांबला. ज्याच्या नावापुढं जमिनीवरची आणि आभाळातली कुठलीच पीडा चालत नाही, त्याच्या नावाची दुवा ती तीनदा म्हणायची आणि मग उठून पोराच्या डोक्यापासून हातांच्या बोटांपर्यंत फुंकर घालायची. पोरगं ओशाळायचं. "अगं अम्मा, कृष्णात बघतोय की," म्हणायचं, पण डोकं पुढं करायचंच. हा कृष्णात त्याच्याच कारखान्यात होता आणि रोज त्याला गाडीवरून न्यायला यायचा.

गेल्या थंडीत एका रात्री तौफिकला ताप भरला. सकाळी तो घोंगडं पांघरून मुसल्ल्याच्या मागं भिंतीला टेकून उभा राहिला.

"अम्मा, अंग लय फुटतंय. आज ऱ्हाऊ का घरी?"

खैरूनला स्पष्ट ऐकू आलं. ती आयतुल कुर्सीच्या मधोमध होती. रक्षणासाठीच म्हणतात ती कुराणातली आयत, ती अर्धी टाकून कसं चालेल? तिनं बोट वर केलं. जरा थांब, एवढंच तिला म्हणायचं होतं. तौफिक थोडा वेळ थांबला. बाहेर कृष्णातनं हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला.

"जातो मग," तौफिक म्हणाला आणि दार ओढून घेतलं.

फुंकर राहून गेली. खैरूननं ठरलेलं सगळं पुरं केलं आणि बंद दारावर फुंकर मारून ती भाकरी थापायला बसली.

दुपारी कृष्णात एकटाच आला. त्याच्या शर्टावर रक्त होतं. "मावशी, चला लवकर. तौफ्याला मिरजंला न्हेलंय," एवढंच बोलला.

उजव्या हाताचा पंजा गेला. तापात डोळा लागला, हात आत राहिला आणि पायानं पेडल दाबलं गेलं. हात अडवणारी जाळी मशीनला होती, पण कामाला आड येते म्हणून मालकानं ती काढून ठेवली होती, हे कृष्णातनं नंतर हळूच सांगितलं. मालक दवाखान्यात सफरचंदं घेऊन आला. सफरचंदं! ती कोणत्या हातानं चिरायची, एवढंही त्या माणसाला सुचलं नाही.

खैरूनला मालकाचा राग आलाच नाही. कुंपण पुरं व्हायच्या आधी पोरगं बाहेर पडलं, असं तिनं मनाशी धरलं. मधेच बोलले असते तर त्याचा जीवच गेला असता, अशीही ती स्वतःची समजूत घालायची आणि दुसऱ्या दिवशी जास्तच कडकपणे बसायची. तौफिक घरीच असायचा. हवं-नको तेवढं बोलायचा. त्या सकाळचा विषय त्यानं एकदाही काढला नाही आणि तेच तिला आतून कुरतडत होतं. पोरगं आपल्यावर रागावलंय, एकदा बोलून टाकलं तर बरं, असं तिला वाटायचं. पण आपणहून विचारायचा धीर तिला व्हायचा नाही.

माधवनगरात गुरुवारी बायकांची तालीम, म्हणजे धर्माची शिकवणी, असते. तिथं शिकवायला एक तरुण आपा येतात. एका गुरुवारी सगळ्या बायका गेल्यावर खैरून मागं राहिली.

"आपा, सकाळचा जिक्र चालू आसताना कुणाशी बोललं तर काय हुतं?"

"काय व्हायचंय?" आपा हसल्या. "ती काय नमाज हाय व्हय? लेकरानं काय इचारलं तर त्याला सांगायचं आन् फुडं म्हणायचं. अल्लाह काय रागावतोय त्यानं? तुमाला कुणी सांगितलं बोलू नये म्हणून?"

"कुणी न्हाई," खैरून म्हणाली.

वाटेत एका मोरीच्या कठड्यावर ती बसून राहिली. 'ऱ्हा घरी.' दोन शब्द. जिभेवर ठेवले असते तर विरघळूनही गेले असते आणि पोराचा हात शाबूत राहिला असता. तिनं नानीला शिव्या घातल्या, स्वतःला घातल्या, मग तोबा तोबा म्हणत उठली आणि घरी आली.

तौफिक जेवायला बसला होता. भात डाव्या हातानं कालवता कालवता ताटाबाहेर सांडत होता. खैरून चपलाही न काढता त्याच्यासमोर बसली.

"तौफिक, त्या दिशी मला बोलता येत हुतं रं. मदी बोललं तर चालतं म्हणं. मीच येडी, गप बसले. माझ्यामुळं झालं हे. मला माफ कर."

तौफिकनं घास खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एवढे दिवस नव्हताच, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.

"बोलली आसतीस तर काय म्हणली आसतीस, अम्मा?"

"ऱ्हा घरी म्हणले आसते."

"कावीळ झाली तवा काय म्हणली हुतीस?"

खैरून ताटाबाहेर सांडलेली शितं वेचू लागली.

"पाय सुजला तवा? खाडा केला की काढून टाकत्यात, जा, म्हणलीस. तवा बी 'जा'च म्हणली आसतीस. मला ठावं हुतं. म्हणून तर आणखी थांबलो न्हाई."

'न्हाई' म्हणायला खैरूननं तोंड उघडलं. आता तिला कोणी अडवलेलं नव्हतं, ना नानीनं, ना कुठल्या आयतीनं. तरी शब्द फुटेना, कारण तो खोटा झाला असता.

तिनं त्याच्या ताटातला भात कालवला आणि घास उचलला. तौफिकनं ताट आपल्याकडं ओढून घेतलं आणि डाव्या हातानं खायला लागला.