द्वारकाबाईंच्या लेकीचा मामा

इंग्रजीत ‘इरिमिसिबल’ असा एक क्वचित भेटणारा शब्द आहे: ज्याला माफीच नाही, अशा अपराधासाठी. आमच्या शब्दकोशाच्या कच्च्या नोंदीत त्यापुढे ‘अक्षम्य’ लिहिले होते. मला ते पटेना. वर्तमानपत्रात रस्त्यावरचा खड्डासुद्धा ‘अक्षम्य दुर्लक्ष’ असतो, आणि नोंदीखाली उदाहरणही तेच दिले होते. खरोखर माफी नसलेले काही माहीत आहे का, असे मी पुसेगावात विचारले, तेव्हा लोकांनी द्वारकाबाईंचे घर दाखवले.

लेक राजनंदिनी पाळण्यात असताना द्वारकाबाईंच्या मालकांना साप चावला. गावात जीप एकच, तीही द्वारकाबाईंच्याच धाकट्या भावाची, संतरामची, नवी कोरी. “माणूस ओकून राहिला, सीट खराब व्हईल,” म्हणून त्याने चावी दिली नाही. मालक बैलगाडीत, सेनगावच्या दवाखान्याच्या वाटेवरच गेले. ही हकीकत मी गावातल्या दोघांकडून स्वतंत्रपणे ताडून घेतली, मग खुद्द संतरामांना विचारले. त्यांनी नाकारली नाही.

द्वारकाबाईंनी दुसऱ्यांच्या हळदीच्या शेतात राबून लेक वाढवली, नर्स केली. भावाशी एक शब्द बोलल्या नाहीत.

यंदा राजनंदिनीच्या लग्नात गुरुजींनी लाऊडस्पीकरवरून पुकारले, “मुलीचे मामा, मुलीला मंडपात आणा.”

मामा एकच होता. तो न बोलावता येऊन फाटकाबाहेर उभा होता. डोक्याला फेटा, हातात बहिणीसाठी आहेराची साडी.

गुरुजींनी पुन्हा पुकारले. वऱ्हाडी माना वळवून पाहू लागले. जाऊ सुमनबाई कुजबुजल्या, “द्वारके, मुहूर्त चालला. मामा काय बाजारात मिळत्यो?”

द्वारकाबाई उठून फाटकापाशी गेल्या.

“संत्या, उभा काहून? पोरीला बाप न्हाई. मामा तरी असू दे.”

संतरामांनी भाचीला हात धरून आणले. मंगलाष्टका संपेपर्यंत ते तिच्या पाठीशी मान खाली घालून उभे होते. अक्षता पडल्यावर साडी पुढे करून म्हणाले, “अक्का, आता तरी…”

“पोरीचं काम झालं. जेवून जा.”

“आन् ही?”

“गाडीच्या सीटवर ठेव. जपून न्हे, डाग पडंल.”

पंगतीत त्यांच्या पानात बुंदी द्वारकाबाईंनीच वाढली. भावाकडे पाहिले मात्र नाही.

नोंदीतला ‘अक्षम्य’ मी राहू दिला. खड्ड्याचे उदाहरण तेवढे काढले.